मित्राची दारू सुटली. आता सात ते दहा काय करायचं?

माझा मित्र व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला, त्या रविवारी आम्ही तिघं त्याला भेटायला गेलो. पाव किलो पेढे नेले. वहिनींनी चहा केला. पाऊस, सातपूरच्या रस्त्यांवरचे खड्डे, कुणाच्या तरी पोराची दहावी, एवढं बोलून झालं आणि पंधरा मिनिटांत विषय संपले. मग चौघंही पंख्याकडे बघत बसलो. अठरा वर्षांची दोस्ती, पण समोर ग्लास नसताना एकमेकांशी काय बोलायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उठताना आमच्यातला एक जण सवयीने म्हणाला, "चल, बसू मग शनिवारी." आणि जीभ चावून गप्प झाला.

हा लेख अशा 'बसणाऱ्या' मित्रांसाठी आहे. पिणाऱ्याला डॉक्टर सांगतात, बायकोला समुपदेशक सांगतात. मित्राला मात्र कुणी काही सांगत नाही. फार तर "त्याच्यापासून लांब राहा" एवढं ऐकायला मिळतं, आणि ते चूकही नसतं. ज्याला आपला ग्लास खाली ठेवता येणार नाही, त्याने खरंच लांब राहावं. ज्याला जमेल असं वाटतं, त्याने पुढे वाचावं.

मी डॉक्टर नाही, टूलरूममध्ये कामाला आहे. औषधोपचाराबद्दल खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांकडे जायला लावण्यापुरतंच. बाकीचं आम्ही चुकत चुकत शिकलो. त्याचं सार एवढंच, की दारू सोडवणं मित्राच्या हातात नसतं. त्याच्या हातात असते ती संध्याकाळ. सात ते दहा.

आधी स्वतःचा मोबाइल उघडा

मित्राशी झालेले गेल्या तीन महिन्यांतले मेसेज वर सरकवत जा. "कुठंय?", "निघालास का?", "आज बसायचं?" हे वगळून काय उरतं ते बघा. माझ्याकडे एकच मेसेज उरला होता : त्याच्या आईच्या ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं, तेव्हाचा. हे बघून वाईट वाटलं तर वाटू द्या. पुढची सगळी मेहनत का करायची ते तिथे कळतं.

दुसरं, डॉक्टर लोक चार प्रश्न विचारतात. ते आधी स्वतःला विचारा. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं तर राग येतो का? प्यायल्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या, हात थरथरतात म्हणून किंवा उतरावी म्हणून, कधी घ्यावी लागली का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली, तर मित्रासोबत तुम्हीही डॉक्टरांना भेटा. यात मी विनोद करत नाहीये. आमच्या चौघांतल्या दोघांची दोन-दोन उत्तरं 'हो' होती.

तो अजून पितोय तेव्हा

बोलायचं असेल तर सकाळी बोला. रात्री ग्लासावर बसून "भावा, तू कमी कर" असं आम्ही शंभर वेळा म्हटलं असेल. त्याच रात्री त्याचा ग्लासही आम्हीच भरला. प्यायलेल्या माणसाशी दारूबद्दल बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि प्यायलेल्या माणसाने ते बोलणं म्हणजे भिंतीने भिंतीशी.

"तू बेवडा झालायस" असं म्हणू नका. डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगा. मी त्याला एका सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटबाहेर चहा पिताना सांगितलं, "परवा गॅदरिंगला तू आलास, तेव्हा तुझ्या पोरीने तुला लांबून बघितलं आणि मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या दाराने गेली. मी तिथेच होतो." तो काही बोलला नाही. चहा अर्धा टाकून आत गेला. दोन महिने माझ्याशी नीट बोललाही नाही. पुढे केंद्रात दाखल होताना त्याने हीच गोष्ट समुपदेशकाला सांगितली. म्हणून लगेच हो म्हणेल अशी आशा धरू नका. २०१९ सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. पहिल्या बोलण्यात कुणी उठून दवाखान्यात जात नाही.

झाकपाक बंद करा. "त्याला ताप आलाय" असं मी सुपरवायझरला किती सोमवारी सांगितलं ते मोजलंही नाही. मला ती मैत्री वाटायची. प्रत्येक थापेने त्याला पुढचा रविवार मोकळा मिळत होता. हातात पैसे देणंही बंद. पोरांची फी भरायची असेल तर शाळेत जाऊन भरा, किराणा असेल तर दुकानदाराला द्या.

शपथा घालू नका. आईची शपथ मोडली की माणूस दारूसाठी आणखी एक कारण घेऊन बसतो. पंढरीची माळ घातली आणि सुटली, अशी माणसं मात्र आपल्या सगळ्यांच्या गावात आहेत. माझं म्हणणं असं, की माळेसोबत रोज संध्याकाळचा हरिपाठ येतो, भजनाची मंडळी येतात, एकादशी येते, वारी येते. नेमकी पिण्याची वेळ टाळ घेऊन उभं राहण्यात जाते. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर घालावी. फक्त रोज सकाळपासून पिणाऱ्याने माळ घालायच्या आधी डॉक्टर गाठावा. का, ते पुढे.

सोडण्याचा दिवस : इथे हुशारी नको

रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात घरी दारू बंद करणं धोक्याचं असतं. गंमत म्हणजे आपल्याकडे याचंच कौतुक होतं, "पठ्ठ्याने एका दिवसात सोडली!" शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. त्यात ताप आणि धडधड असते आणि उपचार नसेल तर जीवही जातो. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय, आणि देवऋषी शोधायला निघतात. अशा वेळी १०८ ला फोन करून सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि "हा रोज एवढी पितो, शेवटची अमुक वाजता घेतली" हे पहिल्या वाक्यात सांगा. लाज वाटून लपवलं तर डॉक्टर फक्त ग्लुकोजचं सलाईन लावतील. दारूच्या रुग्णाला त्याआधी किंवा त्यासोबत बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, ते राहून जाईल.

दुसरा धोका म्हणजे 'न सांगता जेवणातून द्यायचं औषध'. अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. त्या पुड्यांमध्ये नेमकं काय आहे ते विकणाराच जाणे. पण डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, आणि ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच ना? ही गोळी डॉक्टरांनी, तपासण्या करून, त्याला सांगून, त्याच्या मर्जीने द्यायची असते. घेणाऱ्याने अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं, माउथवॉशसुद्धा टाळावं लागतं. वहिनी, आई, कुणी वरणातून काही घालायचा विचार करत असेल तर त्यांना हे आजच सांगा.

केंद्र निवडताना

आम्ही पहिल्यांदा फसलो. कुणीतरी नंबर दिला, गाडी आली, चार माणसांनी त्याला झोपेतून उचलून नेलं. वीस दिवसांनी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. मानसोपचारतज्ज्ञ एकदाही आले नव्हते. त्याला त्याच दिवशी घरी आणलं आणि त्याच रात्री तो प्यायला. त्याला दोष द्यायला आमच्याकडे तोंड नव्हतं.

म्हणून जाण्याआधी जाऊन बघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खालची नोंदणी दाखवा म्हणावं. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, नर्स रात्री असते का, घरच्यांना कधी भेटता येतं ते विचारा. स्वयंपाकघर आणि संडास बघा, तिथे सगळं कळतं. "आम्ही सरळ करतो" असं म्हणणाऱ्यांच्या दारातून परत फिरा. माणसाला साखळीने बांधायला याच कायद्याने बंदी आहे.

चांगलं कसं असतं याची कल्पना हवी असेल, तर पुण्याच्या येरवड्यातलं मुक्तांगण बघावं. ब्राउन शुगर म्हणजे 'गर्द' मुंबई-पुण्यात पसरली होती तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते झाले, ही त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कुठे जायचं तेच सुचत नसेल, तर सरकारची नशामुक्तीसाठीची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. तिथे जायला पैसे किंवा ओळख लागत नाही.

तो आत असताना

भेटायला जाताना तंबाखूची पुडी खिशात लपवून नेऊ नका. बाकी तिथे तुमचं फारसं काम नाही, घरी आहे. त्याच्या गाडीचा हप्ता कधी आहे, गॅस संपलाय का, आईची बीपीची गोळी कोण आणतं ते बघा. वहिनींना "आता तुम्ही त्याला समजून घ्या" असं सांगायला जाऊ नका. त्यांनी आपल्यापेक्षा जास्त समजून घेतलेलं असतं, आणि आपण बहुतेक त्यांच्या शत्रूंच्या यादीत असतो. मी पहिल्यांदा सिलेंडर घेऊन गेलो तेव्हा वहिनींनी दार अर्धंच उघडलं होतं. ते रास्तच होतं.

सात ते दहा

आता मुख्य काम.

त्याला सगळ्यात जड जाणारी वेळ नेमकी कुठली, ते त्यालाच विचारा. आमच्या मित्राची होती पावणेसात. शिफ्ट सुटते, कार्ड पंच होतं, पाय आपोआप डावीकडे वळतात. आम्ही आधी आठ वाजता त्याच्या घरी जायचो आणि स्वतःवर खूश असायचो. मग तो एकदा म्हणाला, "आठला तू येतोस तोवर मी लढाई हरलेलो तरी असतो, नाहीतर जिंकलेलो." तेव्हापासून आमच्यातला एक जण पावणेसातला गेटवर असतो.

पहिलं काम, खायला घाला. रिकामं पोट आणि तलफ यांतला फरक पिणाऱ्याला बरीच वर्षं कळलेला नसतो. गेटवर भेटलं की आधी वडापाव, मग बाकीचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार दिसले की सावध व्हायचं, असं बरी झालेली माणसं एकमेकांना सांगतात. चारांपैकी भूक पंधरा रुपयांत मिटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात. पहिले काही महिने त्याला गोडही खूप खावंसं वाटेल. खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवा, हसू नका.

मग रस्ता. कंपनीपासून त्याच्या घरापर्यंत नेहमीच्या रस्त्याने पाच वाइन शॉप आणि परमिट रूम लागतात. अठरा वर्षांत आम्ही ती कधी मोजली नव्हती. आता आतल्या गल्ल्यांनी जातो, दहा मिनिटं जास्त लागतात. ती दहा मिनिटंही सातच्या पुढचीच, म्हणजे फायद्यातच.

सगळंच आधी सुचत नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही लिंबू-सोड्याच्या गाडीवर थांबलो. गाडीवाल्याने गोटी सोड्याची बाटली दाबून फोडली, 'फट्' असा आवाज आला आणि सोडा ग्लासात फसफसला. मी वळून बघतो तर हा नाही. रस्ता ओलांडून आमच्या मोटरसायकलवर जाऊन बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी गाडी चालू केली, काही विचारलं नाही. चार दिवसांनी त्याने आपणहून सांगितलं, "आवाज ऐकला आणि तोंडाला पाणी सुटलं. लाज वाटली रे." सोडा, खारे शेंगदाणे, उकडलेली अंडी, मसाला पापड, स्टीलच्या ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज. ज्याला आपण चकणा म्हणतो, तो त्याच्या मेंदूसाठी दारूच असतो. बिनअल्कोहोलची बियर म्हणूनच नको. चव आणि वास तोच, तर फसवायचं कुणाला?

तलफ लाटेसारखी येते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हात गुंतलेले हवेत. आम्ही माळ्यावरचा कॅरम काढला. बोर्डाला मध्ये पोक आलं होतं, सोंगट्या तीन कमी. त्याने स्वतः टूलरूममध्ये नायलॉनच्या सळीतून तीन सोंगट्या कातून आणल्या. वजनाला जरा जड झाल्यात, त्यामुळे त्या तिन्ही कुठल्याही खिशात सरळ जातात आणि त्यावरून रोज भांडण होतं. कॅरमच हवा असं नाही. गाडीचं इंजिन खोला, पोळ्या लाटायला शिका, पोहायला जा. मोबाइलवर सिनेमा बघणं मात्र या वेळेला चालत नाही, हात रिकामे राहतात.

"आज घेतली नाहीस ना?" असं रोज विचारू नका. जवळ जाऊन वास घेणं तर त्याहून वाईट. त्याला कळतं. हा प्रश्न त्याला घरीही विचारला जातो, कंपनीतही. एक जागा अशी असू द्या, जिथे त्याची झडती होत नाही.

आणि हो, तो कंटाळवाणा होईल. झोप लागत नसते, चिडचिड असते, जुन्या विनोदांवर हसत नाही. आम्हालाही हळूहळू उमगलं की आमचे निम्मे विनोद ग्लासामुळेच चालायचे. "आठवतं का, लोणावळ्याला त्या रात्री काय मजा केली होती!" ही कॅसेट लावू नका. त्या रात्रीचा शेवट कसा झाला होता ते आपण सोयीने विसरलेलो असतो.

शेवटची व्यवहाराची गोष्ट : वार वाटून घ्या. रोज येतो असं उत्साहात म्हणणारा मित्र तिसऱ्या आठवड्यात गायब होतो. मी मंगळवार आणि शुक्रवार घेतले, दुसऱ्याने सोमवार-गुरुवार, बुधवारी तो दारू सोडलेल्यांच्या मिटिंगला जातो (त्याबद्दल पुढे) आणि शनिवार सगळ्यांचा. कमी घ्या, पण घेतलेला वार चुकवू नका. पगाराच्या दिवशी वार नसला तरी जा.

मिटिंग, आणि मित्राला वाटणारा मत्सर

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलीत 'एए', ही सगळी भानगड दोन दारुड्यांच्या ओळखीतून सुरू झाली. न्यूयॉर्कचा बिल १९३४ च्या डिसेंबरात सुटला होता. त्याआधी महिनाभर त्याचा एक जुना पिणारा दोस्त घरी आला आणि पुढे केलेला ग्लास त्याने नाकारला, तिथे बिलच्या डोक्यात पहिली ठिणगी पडली. पुढच्या मे महिन्यात बिल धंद्याच्या कामासाठी ॲक्रन गावात गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्याने टेलिफोन निवडला आणि बोलायला दुसरा कुणी दारुडा मिळतो का ते शोधलं. त्यातून डॉक्टर बॉब भेटले. पंधराच मिनिटं बसेन असं बजावून आलेले हे डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. बॉब यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच संस्थेचा स्थापनादिन मानतात. समजूत घालायला गेलेला बिल स्वतः सुटून अवघे पाच महिने झालेले होते. आपली दारू लांब ठेवायला त्यालाच त्या माणसाची गरज होती.

मिटिंगला फी नसते, शेवटी डबा फिरतो, इच्छा असेल ते टाकायचं. आडनाव सांगावं लागत नाही. काही मिटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात. काही 'ओपन' असतात, तिथे तुम्हालाही बसता येतं. एकदा जरूर बसा. मी गेलो तेव्हा एक आजोबा उभे राहून म्हणाले, "मी आजचा दिवस प्यायलेलो नाही," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं नवीन असतील. त्यांना सव्वीस वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट घडते, ती कुणी आधी सांगत नाही. मित्राला तिथे नवे मित्र मिळतात. रात्री अकराला तलफ आली की तो आपल्याला नाही, त्याच्या स्पॉन्सरला, म्हणजे त्याला हात धरून चालवणाऱ्या एएमधल्या जुन्या सदस्याला, फोन करतो. आपल्याशी कधी न बोललेलं त्यांच्याशी बोलतो. मला याचा राग यायचा, अठरा वर्षांचा मित्र मी की तो चार महिन्यांचा? मग लक्षात आलं, की ज्या विहिरीत मी पडलोच नाही, तिचा तळ मला काय सांगता येणार? त्याला बुधवारी मिटिंगला सोडायचं आणि बाहेर टपरीवर थांबायचं, एवढं मी करतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी 'ॲल-अनॉन' नावाचे वेगळे गट असतात, १९५१ पासून चालू आहेत. तुमचीच झोप उडाली असेल तर तिथे जा.

हळद, गटारी, थर्टी फर्स्ट

पहिल्या वर्षी शक्य तेवढं टाळा. गटारी अमावास्येला मटण खायचं तर घरी, दुपारी.

लग्नाला जावंच लागतं. हळदीची रात्र सोडून द्या, सकाळी अक्षता टाकायला जा. गाडी आपली असू द्या, म्हणजे कुणाच्या भरवशावर अडकणार नाही. पोचल्याबरोबर त्याच्या हातात भरलेला ग्लास द्या, ताक किंवा सरबत. रिकाम्या हाताच्या माणसाला प्रत्येक जण विचारतो. "घे की एक, एकाने काय होतंय" म्हणणारा मामा प्रत्येक लग्नात असतो. त्या मामाला अडवणं हे मित्राचं काम. "डॉक्टरांनी बंद केलीय" एवढंच सांगायचं, व्यसनाचा इतिहास सांगायची गरज नाही. निघायची खूण आधी ठरवून ठेवा. आमची आहे, "अरे, हेल्मेट राहिलं वाटतं." तो हे म्हणाला की दोन मिनिटांत आम्ही मांडवाबाहेर, मग पंगत चुकली तरी चालेल.

घसरला तर

बरेच जण घसरतात. आधी खुणा दिसतात. मिटिंग चुकते, फोन उचलत नाही, "मला आता कंट्रोल जमतो" सुरू होतं, कारण नसताना वहिनींशी भांडण होतं. ग्लास हातात येतो तो याच्या बऱ्याच नंतर. खुणा दिसल्या की सरळ विचारा.

प्यायलेला सापडला तर त्या रात्री भाषण नको. गाडीची किल्ली घ्या, कुशीवर झोपवा, उठत नसेल किंवा श्वास नीट नसेल तर १०८. गर्द किंवा तत्सम नशेतून बाहेर आलेला असेल तर धोका जास्त. मध्ये खंड पडल्याने शरीराची सवय मोडलेली असते आणि जुना डोस आता जीव घेऊ शकतो. बरेच दिवस पीत राहिला असेल तर पुन्हा घरी एकदम बंद करू नका, वर लिहिलेली सगळी काळजी नव्याने लागू होते.

सकाळी चहा द्या आणि दोनच गोष्टी विचारा. काल पावणेसातला काय झालं? आणि आज कुणाला फोन करायचा? आमचा मित्र सातव्या महिन्यात घसरला. माझाच मंगळवार होता. ओव्हरटाइम लागला आणि मी गेलो नाही. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. "मी प्यायलो, तू नाही पाजलीस," असं म्हणाला आणि आधी स्पॉन्सरला, मग डॉक्टरांना फोन केला.

"जगून काय उपयोग" असं बोलायला लागला तर ते दारूचं बोलणं म्हणून सोडू नका. एकटं ठेवू नका, १४४१६ वर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलतात. आणि घरात मारहाण होत असेल तर मैत्री बाजूला. वहिनी आणि पोरं आधी. ११२, किंवा बायकांसाठी १८१.

आपण प्यायची का?

हे सगळे विचारतात, पण शेवटी, गेटपर्यंत आल्यावर, आवाज खाली करून. त्याच्यासमोर नाही, पिऊन त्याच्याकडे जायचं नाही, आणि त्याच्या वाराच्या दिवशी मुळीच नाही. बाकीच्या दिवशी तुमचं तुम्ही बघा. मी वर्षभर सोडली होती, आता कधीतरी भावाकडे गेलो की एखादी घेतो आणि ते त्याला माहीत आहे. दुसऱ्याने पूर्ण सोडली. "बसू मग शनिवारी" म्हणून जीभ चावणारा तिसरा अजून बसतो, वेगळ्या लोकांबरोबर. शनिवारी कॅरमला येत नाही. साडेनवाच्या सुमारास त्याचा फोन येतो, आम्ही स्पीकरवर टाकतो, तो विचारतो राणी कुणी घेतली, आणि जड सोंगट्यांवरून तिकडून शिव्या देतो.